फॅटच्या रकान्यात ताप

९ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी मुख्य डेअरीतून साहेबांचा फोन. इतकं गोड बोलत होते की मी आधीच सावध झाले. म्हणाले, "काकू, तुमच्या गावात गाईंना हल्ली काय खायला घालतात?" म्हटलं, नेहमीचंच, गवत आणि पेंड. "मग तीन दिवस दुधाला सत्त्याण्णव टक्के फॅट कशी लागते? एकीची तर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार आहे. ही गाय आहे की लोण्याची कोठी?"

माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला आणि कानशिलं गरम झाली. झालं होतं असं की साथ शेजारच्या गावापर्यंत आली म्हणून नर्सताई मागच्या आठवड्यात ताप बघायचं ते पिस्तूल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, माझ्या दवाखान्यात दुखल्याशिवाय कुणी फिरकत नाही. तुमच्या खिडकीशी मात्र घरटी एक माणूस रोज दोनदा येतंच. दूध मापता मापता त्याचा ताप बघा आणि लिहून ठेवा." मी म्हटलं, त्यात काय. दुधाच्या रजिस्टरात जागा नव्हती, म्हणून फॅटच्या रकान्यात मधोमध रेघ मारली. डावीकडे गाईची फॅट, उजवीकडे मालकाचा ताप. डेअरीतल्या कारकुनानं उजवीकडचा आकडा उचलला. बावीस वर्षं दूध संकलन केंद्र चालवतेय, कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आता हे.

साहेबांना सगळं सांगितलं तर ते फोनवर हसत सुटले. सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या इतक्या हसल्या की दम लागला, मग मला पाठ चोळत बसावं लागलं.

तर ही वेगळी वही. नर्सताईनं स्वतः रेघा आखून दिल्या: नाव, ताप, खोकला, शेरा. विचारलं, शेऱ्यात काय लिहायचं? "तुम्हाला वाटेल ते." ही चूक तिची. पहिल्याच नावाला माझा शेरा चार ओळी खाली उतरला. शेवटी ठरवलं, तिला द्यायचं ते साध्या कागदावर आणि वही माझी. कुणी वाचायची नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

नर्सताईनं सासूबाईंना तपासलं. अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, आजींच्या छातीत आधीच दमा आहे. ही साथ त्यांना झेपणार नाही. त्यांना बाहेर सोडू नका." एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, दिवसभर माझ्या चुका काढतात, पण त्या नसल्या तर मी कुणाशी भांडू? बाकी काहीही होवो, हा आजार स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आत येता कामा नये. एवढंच माझं काम, मी ठरवून टाकलंय.

केंद्र पुढे, घर मागे, मधल्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी. केंद्र आधी सासूबाईंचं होतं, आता माझं आहे, पण हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. आज त्या खिडकीला काच लावून घेतली. आता त्या काचेआड स्टुलावर बसून हुकूम सोडतात. काचेमुळे आवाज कमी होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी आवाज वाढवला.

आमचे हे दुधाचा टँकर चालवतात, रोज शहरात जातात, म्हणून त्यांनी आपणहून अंथरूण उचललं आणि अंगणापलीकडच्या पेंडीच्या खोलीत मुक्काम हलवला. मी ताट पायरीवर ठेवते, मागे सरते, मग ते येतात. लग्नाला एकतीस वर्षं झाली. संध्याकाळी टँकरचा आवाज आला की पहिल्यांदाच मी केस नीट करून बाहेर येतेय, हे आज लक्षात आलं. काय म्हणावं या वयात.

१४ नोव्हेंबर, शनिवार

नर्सताईनं सांगितलं, दोन माणसांत सहा फूट अंतर हवं. काल दुपारी मी चुना घेऊन केंद्रासमोर चाळीस गोल काढले. कंबरडं मोडलं. आज पहाटे खिडकी उघडून बघते तर प्रत्येक गोलात एकेक दुधाचा कॅन शिस्तीत उभा, कुठे तसूभर फरक नाही. आणि कॅनवाले सगळे झाडाखाली एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून गप्पा छाटत होते.

मी म्हटलं, "कॅनला साथ लागत नाही हो. साथ तुम्हाला लागते."

शिंपी म्हणाला, "वहिनी, तुम्हीच म्हणालात, आपापला नंबर गोलात ठेवा."

तसं मी म्हणाले होते खरं. मग जाहीर केलं की कॅन हातात धरून जो गोलात उभा असेल त्याचंच दूध मापणार, बाकीच्यांनी आपलं दूध आपण प्यावं. पाच मिनिटांत सगळे गोलात. सासूबाई काचेआडून ओरडल्या, "मागून तिसरा रेघेवर उभा आहे." होताच.

शिंप्याचं कौतुक करायला हवं. त्याच्याकडे शिवणाच्या उरलेल्या चिंध्यांचं पोतं होतं. त्यानं घरागणिक वेगळ्या रंगाचे मास्क शिवून फुकट वाटले. निळ्या चौकड्यांचे एका घराला, पिवळे दुसऱ्याला. तोंडं झाकली तरी लांबून घर कळतं. माझा मास्क मात्र त्यानं लग्नाच्या कोटाच्या चकचकीत अस्तराचा शिवलाय. म्हणाला, "वहिनी, खिडकीवर बसणाऱ्या माणसाला शोभायला हवं." मस्का लावतो मेला, पण मास्क बसतो छान.

नर्सताईनं विचारलं, "काकू, तुमचा ताप लिहिलेला दिसत नाही." म्हटलं, माझा कशाला? मी काय दूध घालायला येते? मी इथेच असते. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सासूबाईंनी काच ठोकली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला मापं होती, मी लक्ष दिलं नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

कर्नल आला नाही.

कर्नल हा काही कर्नल नाही. कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं पहारा केला, अजूनही चालताना टाच आपटतो. एकटा माणूस आणि एक गाय. पहाटे खिडकी उघडायच्या आधी पहिल्या गोलात तोच उभा असतो, ऊन असो वा गारठा. आज पहिला गोल रिकामा. मी वही उलटून बघितली. काल संध्याकाळी ताप नव्याण्णव पॉइंट दोन, शेरा: म्हणतो थंडी वाजते, मी म्हटलं स्वेटर घाल. स्वेटर घाल, म्हणे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मशीन तसंच ठेवून नर्सताईला फोन लावला. ती मोटरसायकलवरून थेट त्याच्या घरी, केंद्रासमोरच आहे ते. बोटाला ते यंत्र लावलं तर ऑक्सिजन सत्त्याऐंशी. अर्ध्या तासात अ‍ॅम्ब्युलन्स. पण हा गडी चढायला तयार नाही. दाराची चौकट धरून उभा, बोलायला श्वास पुरत नाही आणि म्हणतो, "गाईचं काय?"

तेव्हा गोलात उभ्या असलेल्या लोकांनी एकेक करून लांबूनच सांगितलं. सकाळची धार मी काढतो. संध्याकाळची मी. वैरण माझ्याकडे. शेणाचं मी बघते. कुणी जागचं हललं नाही, फक्त हात वर करत होते. कर्नलनं सगळ्यांची तोंडं नीट बघून घेतली, म्हणजे मास्कच, आणि मग चढला. नर्सताई म्हणाली, अजून एक दिवस गेला असता तर कठीण होतं.

सासूबाईंनी दिवसभर मला एकही चूक दाखवली नाही. मला मुळीच बरं वाटलं नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

गाय दूध देत नाही. परवा शिंप्यानं प्रयत्न केला, तिनं बादली उडवली. काल तिनं शिंप्यालाच उडवलं. आज तो लंगडत आला आणि म्हणाला, "वहिनी, मी कपड्यांचा माणूस आहे, मला जनावराचं मन काय कळणार?" पण त्याला कपड्यांचंच सुचलं. कर्नल धार काढताना नेहमी तो जुना खाकी कोट घालायचा. गाय त्या कोटाला ओळखते. नर्सताईला विचारलं, तिनं सांगितलं की तीन दिवस कडक उन्हात टांगा, मग वापरा. धुवायचा विचार आम्ही सोडून दिला, वास गेला तर कोटाचा उपयोग काय?

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

कोट शिंप्याला गुडघ्यापर्यंत येतो. तो टाच आपटत गोठ्यात शिरला, गाईनं वळून बघितलं, एक मोठा सुस्कारा टाकला आणि दूध सोडलं. पाच लिटर. फॅट चार पॉइंट दोन, मी दोनदा तपासली. गोठ्याबाहेर आम्ही सहा-सात जण सहा-सहा फुटांवर उभे राहून श्वास रोखून बघत होतो. सासूबाईंना येऊन सगळं साभिनय करून दाखवावं लागलं, टाच आपटण्यासकट. आज पुन्हा त्यांनी माझ्या चुका काढल्या. जिवात जीव आला.

गावात आता पाच घरं बंद आहेत. पाचही घरांच्या गाईंची पाळी लावून दिली आहे. कुणी आलं नाही की मला पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि नर्सताई दारात हजर होते. ती म्हणते, मोठ्या गावांतही इतक्या लवकर कळत नाही. मी म्हटलं, मोठ्या गावांत दूध कोण घालतं?

१३ डिसेंबर, रविवार

कर्नल आला! काल संध्याकाळी घरी सोडला, आज पहाटे पहिल्या गोलात उभा. अर्धा झालाय, सदरा अंगावर नुसता टांगल्यासारखा. हातात रिकामा कॅन. म्हटलं, दूध कुठाय? तर म्हणाला, "धार अजून शिंपीच काढतोय, मला दम नाही. पण नंबर माझा आहे."

कुणाला जवळ जाता येईना. मिठी नाही, पाठीवर थाप नाही. लोक आपापल्या गोलात चुळबुळत राहिले. मग शिंप्यानं कॅनचं झाकण कॅनवर आपटलं. मग दुसऱ्यानं. मग चाळीस झाकणं. सासूबाई काचेआड डाव घेऊन पातेल्यावर बडवत होत्या. तो गोंगाट ऐकून कुत्री भुंकत सुटली आणि कर्नलनं सावधान उभं राहून कपाळाला हात लावला. मी खूप रडले. मास्कचा हा एक फायदा आहे, निम्मं रडणं कळत नाही.

आजपर्यंत अकरा जण आजारी पडले, अकराच्या अकरा घरी परत.

२० डिसेंबर, रविवार

आज लिहिण्यासारखं काही नाही. दूध बरं. थंडी खूप. हे पायरीवर बसून दोन गोष्टी जास्त बोलले.

११ जानेवारी, सोमवार

मुख्य डेअरीचे साहेब स्वतः आले. त्यांनी ते तापाच्या फॅटचं प्रकरण जिल्ह्याच्या डॉक्टरांना हसत हसत सांगितलं होतं. डॉक्टर हसले नाहीत, म्हणाले, ही बाई कोण, मला तिची पद्धत सांगा. आता सगळ्या केंद्रांवर ताप बघायला सुरुवात होणार. मी मानेनंच बरं म्हटलं, पण छाती दोन इंच पुढे आली होती.

दुसरी बातमी त्याहून मोठी. लस येतेय. नर्सताईच्या दवाखान्यातला फ्रिज वीज गेली की घाम गाळतो आणि आमच्या केंद्राला जनरेटर आहे, तपासणीच्या रसायनांचा फ्रिज चोवीस तास चार डिग्रीवर असतो. तर लस माझ्या फ्रिजमध्ये राहणार आणि टोचणार माझ्या ओट्यावर. सासूबाईंचं नाव यादीत पहिलं घालायला सांगितलं. आता दोन-तीन आठवडे जपलं की सुटलो.

नर्सताईनं विचारलं, "आणि तुमचं, काकू?" म्हटलं, घाल कुठंतरी शेवटी.

२ फेब्रुवारी, मंगळवार

काय सांगू, आज मला इतका राग आलाय की अक्षर बघा.

सकाळचं दूध आटपून ओटा धुतला, खुर्च्या लांब लांब मांडल्या. नर्सताईनं नियम समजावला. एका बाटलीत दहा जणांची लस. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. माल कमी आहे, त्यामुळे दहा माणसं समोर बसल्याशिवाय बाटली उघडायची नाही, अशी वरून सक्त ताकीद. चार बाटल्या, चाळीस माणसं. सगळं जमून आलं होतं.

सासूबाई ठेवणीतला स्वेटर घालून आल्या. तीन महिन्यांनी उंबरा ओलांडला. त्यांच्यामागे त्यांची टोळी, आठ जणी, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, एकेकाळी यांच्याच हाताखाली दूध घालणाऱ्या. खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि नर्सताईला विचारलं, "सूनबाईचा नंबर कितवा?"

मी म्हटलं, "आई, मी नंतर. मशीन कोण बघणार?"

"मशीन बंद आहे."

"चालू करायला लागलं तर?"

त्यांनी बाही खाली केली. "मग मीपण नंतर." आणि उठल्या. त्या उठल्या तशा मागच्या आठही जणी उठल्या. चौथी बाटली उघडलीच नाही. तीस जणांना लस मिळाली, आमच्या यांनाही, आणि ज्यांच्यासाठी मी तीन महिने जिवाचं रान केलं त्या बाई तशाच घरात. वयाबरोबर हट्ट इतका वाढतो हे मला माहीत नव्हतं.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस एकच वाद. मी म्हणते, आई, तुमचा दमा, तुम्ही घ्या. त्या म्हणतात, तू घे, मी लगेच घेते. मी म्हणते, माझं काय, मी धडधाकट आहे. त्या म्हणतात, धडधाकट आहेस तर सुई सोसेल. मग मी विषय बदलते. म्हणजे विषय बदलावाच लागतो, एवढी कामं पडलेली असतात.

मी सुईला घाबरत नाही. मला तो स्पिरिटचा वास आवडत नाही, एवढंच. शिवाय उजव्या हातानं मी दिवसाला साठ कॅन उचलते. हात दुखला तर कोण उचलणार? डावा हात आहे, असं यांनी पायरीवरून सुचवलं. मी म्हटलं, तुम्ही जेवा.

यांना जुन्या गोष्टी उकरून काढायची खोडच आहे. म्हणाले, "आठवतं, तुझ्या पायात खिळा गेला होता? डॉक्टरनं इंजेक्शन काढलं आणि तू एका पायावर उड्या मारत बाजारापर्यंत पळालीस. मला सायकलवरून पकडून आणावं लागलं." बाजारापर्यंत नाही, फक्त पुलापर्यंत. आणि मला तेव्हा खरंच भाजी घ्यायची होती.

नर्सताईनंही आज हळूच विचारलं, "काकू, भीती वाटते का?" मी इतकी हसले की पिस्तूल हातातून पडलं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी फेरी. पन्नास जणांना मिळाली. आता दुखणं काढून उठलेले सोडले तर गावात मोठ्या माणसांपैकी फारच थोडे उरलेत. नर्सताईनं माझ्या नावानं हाक मारली तेव्हा मी जनरेटर बघायला मागे गेले होते.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. जनरेटरला काही झालं नव्हतं. मी त्याच्यामागे उपड्या बादलीवर बसून होते. ती सुई त्वचेत शिरताना नुसती डोळ्यासमोर आली तरी कानात शीळ वाजते आणि जमीन सरकते. लहान पोरं हसत हसत टोचून घेतील आणि मी बावन्न वर्षांची बाई, चाळीस माणसांना दरडावणारी, बादलीवर बसलेय. लाज वाटली. बाहेर आले तर सासूबाई आणि त्यांची टोळी पुन्हा बिनलसीची घरी निघाली होती. माझ्यामुळे थोडंच? त्यांचा हट्ट आहे, त्याला मी काय करणार?

पण जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटची फेरी आणि शेवटची एक बाटली. उरलेला माल डोंगरापलीकडच्या गावांना जाणार, पुढची खेप कधी येईल कुणास ठाऊक. आणि पलीकडे साथ पुन्हा भडकलीय.

सकाळी दहाला सासूबाई आणि आठ जणी ओट्यावर रांगेत बसल्या, बाह्या वर करून. आज हट्ट नाही, काही नाही, शहाण्यासारख्या. मला इतका आनंद झाला. नर्सताईनं मोजलं, "नऊ."

म्हटलं, शिंप्याची मेहुणी यायची होती ना, दहावी? शिंपी म्हणाला, तिचा पाय मुरगळला. नर्सताई म्हणाली, "काकू, नऊ जणींसाठी मला बाटली उघडता येणार नाही. बारा वाजता गाडी येते, मग ती पुढे जाणार."

मग मी दहावा माणूस शोधायला निघाले. पळतच. पहिल्या घरी गेले, "झाली काकू, दुसऱ्या तारखेला." दुसऱ्या घरी, "झाली." तिसऱ्या घरच्यांनी तर दंड काढून दाखवला. लोहाराकडे गेले, पाव भाजणाऱ्याकडे गेले, शाळेच्या मास्तरांना वर्गातून बाहेर बोलावलं. सगळ्यांची झालेली. वाटेत कर्नल दिसला, त्याचा हात धरणार होते, तर म्हणाला, "मला तीन महिने थांबायला सांगितलंय, नाहीतर मी तुमच्यासाठी कुठेही आलो असतो." आणि सगळ्यांचे डोळे आज असे काही चमकत होते, मास्कच्या वर नुसता आनंद. मी इथे घायकुतीला आलेय आणि लोकांना कशाचं एवढं हसू येतंय, देव जाणे.

परत आले तेव्हा साडेअकरा. नऊ जणी तशाच बसलेल्या. थंडीनं सासूबाईंचे ओठ निळसर दिसत होते आणि श्वास वाजत होता. त्यांनी मला हाक मारली नाही. नुसती शेजारची रिकामी खुर्ची हातानं पुसली.

मला तो श्वास ऐकवेना. बादलीवर बसले होते तेव्हाही कानात तोच होता, आता लिहिताना कळतंय. मी जाऊन बसले.

नर्सताईनं बाटली काढली आणि म्हणाली, "आधी काकू." म्हटलं, आधी का, शेवटी घेते. "आधी काकू," सगळ्या नऊ जणी एकदम म्हणाल्या, जणू शाळेत पाठ केलंय. सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात म्हणजे सुकलेली काटकी, पण काय पकड. म्हणाल्या, "माझ्याकडे बघ. आज सकाळच्या तिसऱ्या कॅनची फॅट किती होती?"

"तीन पॉइंट नऊ."

"चौथ्याची?"

"चार. नाही, चार पॉइंट एक. आई, तो पाणी घालतो असा मला संशय..."

"झालं," नर्सताई म्हणाली.

झालं होतं. मला कळलंच नाही. मग माझ्या कानात शीळ वाजली, जमीन सरकली आणि मी सासूबाईंच्या खांद्यावर आडवी झाले, पण ते उपाशीपोटी पळापळ केल्यामुळे. डोळे उघडले तेव्हा नऊच्या नऊ जणींच्या दंडावर कापूस होता आणि सासूबाई माझ्या केसांतून हात फिरवत होत्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी मुद्दाम आणखी थोडा वेळ डोळे मिटून ठेवले.

आज मी नऊ जणींना वाचवलं. मी वेळेवर बसले नसते तर काय झालं असतं, विचार करवत नाही. संध्याकाळी शिंप्याची मेहुणी सायकलवरून वैरण नेताना दिसली, चांगली चढावर पायडल मारत होती. मुरगळलेला पाय दुपारपर्यंत बरा झाला म्हणे. लोकांना वेळेचं काही महत्त्वच नाही. आता अंग जरा मोडून आल्यासारखं वाटतंय, झोपते.

१७ फेब्रुवारी, बुधवार

हे अक्षर सासूचं आहे.

सूनबाईला शंभर पॉइंट चार ताप आहे. नर्स म्हणाली, लसीचा आहे, उद्या उतरेल, झोपू द्या. मला काही नाही, नुसता दंड दुखतोय. खिडकीवर मुलगा बसलाय. त्याला फॅट काढता येत नाही. मी काचेआडून सांगतेय.

वही उघडी होती. मी वाचली. सगळी.

मी ओरडत नाही. मोठ्यानं सांगते. खिळ्याच्या वेळी ती पुलाच्याही पुढे गेली होती, मी गच्चीवरून बघत होते. शिंप्याच्या मेहुणीला दोष देऊ नये, तिला घरी बसायला मी सांगितलं होतं. तिला नर्सनं आदल्याच दिवशी परगावी नेऊन टोचून आणली होती. बाकीच्यांनाही मीच निरोप पाठवले. आठही जणींना मी दोन आठवडे थांबवून ठेवलं, त्यांचे उपकार माझ्यावर आहेत. एकटीनं तिच्यापाठी लागून ती बधली नसती.

तिनं लिहिलंय, आजार स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आत येऊ द्यायचा नाही. माझ्यासाठी. खिडकीच्या बाहेर तीन महिने सगळ्या गावाचा श्वास कोण घेत होतं? पानंच्या पानं नावं आहेत, ताप आहेत, कर्नलच्या गाईची फॅटसुद्धा आहे. तिचं स्वतःचं नाव एकदाही नाही. रात्रंदिवस मला तेच दिसत होतं. मी एक्क्याऐंशीची, मी गेले तर चार दिवस रडतील. ती गेली तर मला या घरात कुणी बोलायला नाही.

आता तिची हालचाल ऐकू येतेय. उठली की आधी वही शोधेल, मग माझ्याशी भांडेल. भांडू दे. मी चहा टाकलाय, दोघींचा.